रिकाम्या कोठीचं वर्ष

आई, तुमची गव्हाची कोठी आज गच्चीवर उन्हात आडवी घातली आहे आणि तिच्या पोटात माझी नात, तुमची पणती, जाऊन बसली आहे. आतून "आजी" अशी हाक मारते, पत्र्यात आवाज घुमला की आपली आपणच हसते, मग परत हाक मारते. मघापासून हेच चाललंय. माझी कामं सगळी पडलीत, वरणाखालचा गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही, पण इथून उठवत नाही. बाईसाहेब शाळेत जातात आता. त्यांच्याच वहीचं पान आणि त्यांचीच पेन्सिल घेऊन बसलेय. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे, चौथीत नाव होतं एवढंच. अक्षर मोठं येतं आणि ओळ खाली घसरत जाते. मराठीत हिंदी मिसळते त्याला माझा इलाज नाही. तुम्ही तेव्हाही म्हणायचात, "ही मराठी बोलते, पण ऐकू माळवा येतो."

होळी झाली की कोठी रिकामी करायची हा तुमचा नेम. नवा गहू पाडव्यानंतर येणार, त्याआधी जुन्याचा एक दाणा घरात राहता कामा नये. उरलेला गहू चक्कीवर, चाळण कबुतरांना, मग कोठी राखेनं घासायची, कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची आणि दिवसभर उन्हात खडखडीत वाळवायची. पलीकडच्या घरात याच्या बरोबर उलट. जीजी आठवते ना, आपल्या गच्चीला लागून जिची गच्ची आहे ती, तुमच्याशी तोंडावर वाद घालणारी गल्लीतली एकटी सून. ती भिंतीवरून म्हणायची, "मांजी, कोठी पूरी खाली नहीं करते. तले में मुट्ठीभर छोड़ दो, अन्न को अन्न बुलाता है." आणि तुम्ही म्हणायचात, "अन्न काही बोलावत नाही, जुना किडा नव्या गव्हाला बोलावतो." एका वर्षी, मी सून म्हणून नवीनच होते, वाकून वाकून कंबर गेली म्हणून तळाशी ओंजळभर गहू तसाच ठेवून झाकण लावलं. तुम्ही हात घालून बघितलात. मी म्हटलं, जीजी म्हणते शुभ असतं. "आळशाला शास्त्र लवकर सापडतं," म्हणालात आणि मला पुन्हा वाकवलंत. नवा गहू आला त्या दिवशी मात्र पहिला फुलका तूप लावून माझ्या ताटात टाकलात, आणि त्याबद्दल एक शब्द नाही. तुमचं सगळं असंच.

तर त्या वर्षीचं सांगायचंय. तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी एक आजार आला, साऱ्या जगात. शिंकेतून, खोकल्यातून लागायचा. टीव्हीवर दिवसभर तेच. आपल्याकडे आधी सगळे म्हणायचे, उज्जैन में कुछ नहीं होगा, महाकाल बैठे हैं. आणि तेच म्हणणारे दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन बाजारात. घरात मी आणि सून. सुनेला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडेच ठरलं होतं, दिवस भरत आले होते. मुलगा पुण्याला नोकरीवर. सुनेला दिवस राहिल्यावर रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, भात बंद, पोहे, साबुदाणा, बटाटा बंद, गव्हाचा फुलका मोजका, डाळ, भाजी, आणि वेळेवर. साखर चढली तर बाळाला धोका. बोटाला सुई टोचून साखर बघायचं एक छोटं मशीन दिलं होतं. उज्जैनच्या माणसाला पोहे बंद म्हणजे काय शिक्षा, पण पोरीनं एकदाही कुरकुर केली नाही.

मी बाजारात गेले ती एरंडेल आणायला. नव्या गव्हाला चोळायला लागतं ना. कोठी तेव्हा अशीच गच्चीवर वाळत होती, धुऊन लख्ख, आणि घरात पीठ म्हणाल तर डब्यात होतं तेवढंच. टावर चौकात पाहते तर दिवाळीसारखी गर्दी, फक्त कोणी हसत नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं खाली, आतून पोती बाहेर, बाहेरून हात आत. एकीनं साखरेचं पोतं रिक्षात घातलं आणि त्याच्यावरच बसली. माझ्या पुढच्या गृहस्थांनी मिरचीच्या लोणच्याची भलीमोठी बरणी उचलली. मी विचारलं, "भैया, इतनी मिर्ची का क्या करोगे?" बरणीकडे बघत म्हणाले, "पता नहीं माताजी, सब कुछ न कुछ ले रहे हैं." मला हसू आलं. माझी पाळी आली तेव्हा दुकानदार म्हणाला, "आटे के दो पैकेट बचे हैं, ले जाओ, शाम तक नहीं मिलेंगे." आणि मी काय म्हणाले असेन? "हमारे यहाँ पैकेट का आटा नहीं खाते. गेहूँ गाँव से आता है." अगदी तुमच्या आवाजात म्हणाले, आई. मान पण तश्शीच उडवली. एरंडेलाची बाटली घेऊन ऐटीत घरी आले.

मग एका संध्याकाळी सगळ्यांनी गच्चीवर येऊन थाळ्या वाजवायच्या असं ठरलं. मी थाळी शोधत बसले नाही, कोठीचंच झाकण घेतलं आणि उलथन्यानं बडवलं. गल्लीत सगळ्यांत मोठा आवाज माझा. जीजी भिंतीपलीकडून म्हणाली, "बेन, खाली बर्तन है, बजेगा ही." मी म्हटलं, "चार दिन रुको, भर के दिखाऊँगी." तिच्या घरात तोवर पोती आली होती, मी पाहिली होती. तिच्या नवऱ्याला दमा, ती केव्हाची घाबरलेली.

त्यानंतर मुलगा आला. पुण्याहून मिळेल त्या गाडीनं, तोंडाला फडकं बांधून. बायकोचे दिवस भरलेत, तो थांबणार कसा. आल्या आल्या बैठकीच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावून घेतली. "आई, तू पण आत येऊ नकोस, ताट बाहेर ठेव." पण बॅग घेऊन येताना गल्लीनं त्याला पाहिलं होतं. दुसऱ्या सकाळी पालिकेची माणसं आली आणि दारावर कागद चिकटवून गेली, या घरात कोणी जाऊ नये, येथून कोणी बाहेर पडू नये. आई, आपल्या दाराला मी तोरण बांधलंय, हळदीकुंकवाचे हात उमटवलेत. तिथे तो कागद. दूधवाला लांबूनच ओरडायचा, पातेलं पायरीवर ठेवा आणि आत जा, मग उंचावरून धार सोडायचा, निम्मं दूध पायरी प्यायची. एकदा फोडणीत मिरची जास्त पडली, मुलाला ठसका लागला, आणि समोरच्या खिडक्या एकापाठोपाठ एक बंद. मी ऐकत उभी राहिले, खट, खट, खट. ज्यांच्या घरी बारशाची कुंची शिवून दिली त्यांच्या खिडक्या.

पाडवा आला. गुढी उभारली, ती बघायला कोणी नाही. आणि गावाकडून गहूवाल्याचा फोन, "मांजी, ट्राली भरी खड़ी है, पर रस्ते बंद हैं. पुलिस निकलने नहीं दे रही." मी डब्यात हात घातला तर बोटांना डब्याचा तळ लागला. ज्या घरात गव्हाची पोती उतरायची, त्या घरात मी पीठ झटकून काढत होते. मुलगा दारामागून म्हणाला, "मी जाऊन आणतो कुठूनही." दार उघडून ओट्यावर पाय ठेवतोय तोच समोरून आवाज, "अंदर जाओ. पूरी गली को मारोगे क्या?" पालिकेला फोन केला तर मदतीची पिशवी आली, पायरीवर ठेवून माणूस पळालाच. उघडली तर तांदूळ, बटाटे, साखर. बिचाऱ्यांनी प्रेमानं दिलं होतं. सुनेनं पिशवीत वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसलो. ते हसणं अजून आठवतं, कारण त्यानंतर फार वेळ कोणी हसलं नाही.

नुसत्या डाळीवर आणि दोडक्यावर तिला भोवळ यायला लागली. एका दुपारी म्हणाली, "आई, थोडा भात खाते. काही नाही होत." मी मूठभर वाढला. मग बोट टोचलं. मशीनवरचा आकडा तिनं मला दाखवलाच नाही, हाताखाली झाकला. मी विचारलं, "बाळ फिरतंय का?" "सकाळपासून जरा कमी," म्हणाली. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपवा, हालचाल मोजा, वाढली नाही तर लगेच घेऊन या, वाट बघू नका, आणि भात बंद म्हणजे बंद. मुलगा दारामागे, सून कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, आणि मी स्वयंपाकघरात एरंडेलाची बाटली बघत उभी. गव्हाला चोळायचं तेल होतं, चोळायला गहू नव्हता.

मग मी गच्चीवर गेले आणि जीजीला हाक मारली. तुमच्या सुनेनं, आई. जीजी आली पण भिंतीपासून लांब, पदर नाकावर धरून. मी सांगितलं. ती म्हणाली, "बेन, बुरा मत मानना. इनका दमा तू जानती है. तेरे घर पे कागज लगा है. तू पास मत आ." मी म्हटलं, "मैं पास नहीं आ रही. बच्चे की हलचल कम है." ती तशीच मागे सरकत जिन्यानं खाली गेली. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, तिच्या जागी मी असते तर मीही दोन पावलं मागेच राहिले असते. लोक नंतर फार बोलले, कोण कसं वागलं म्हणून. त्यातले पुष्कळ जण नुसते घाबरलेले होते. मी खाली आले. सुनेच्या पोटावर हात ठेवून बसले. हाताखाली काही लागेना. बाहेर गल्ली इतकी गप्प की आमचं जुनं घड्याळ ओरडल्यासारखं वाजत होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मी धावत वर गेले. जीजीची गच्ची आपल्याहून हातभर उंच, आणि धुऊन-वाळवून मी उभी केलेली कोठी भिंतीलगत, तोंड उघडं. जीजी पलीकडून पाण्याचा एक तुटका पाइप भिंतीवर तिरका धरून उभी होती आणि त्यातून गहू आपल्या कोठीत पडत होता. पाइपला मी हात लावू नये म्हणून तिनं मला डोळ्यांनीच लांब उभं केलं. "आटा होता तो आटा देती," ओरडली, "बोरियाँ चावल की हैं, शक्कर की हैं, घबराहट में जो मिला सो उठा लाई. गेहूँ तो मेरा भी ट्राली में पड़ा है. ये तले का है, मुट्ठी-मुट्ठी जुड़ के चार-पाँच सेर हुआ, जो तेरी सास फिंकवाती थी. घुन है इसमें, छान लेना." गहू थांबला तरी तिचं तोंड थांबेना. "और सुन, ऊपर जा के मांजी से बोलना मत. वहाँ से उतर के लड़ने आ जाएगी."

चक्क्या बंद होत्या. मी सोंडे काढले, पाखडला, आणि मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवला. बैठकीच्या दारामागून मुलगा, "आई, वास येतोय, मिक्सर जळेल." मी म्हटलं, "जळू दे, तू गप बस." पीठ कसलं, रवाच तो. त्याची जाड पोळी झाली, कडा फाटलेली, तुम्ही पाहिली असती तर तवा पालथा केला असता. सुनेनं डाळीत बुडवून खाल्ली, सावकाश, डोळे मिटून. मी हात पोटावरून काढला नाही. आणि आई, तुमच्या पणतीनं आतून अशी लाथ मारली माझ्या तळहातावर. सूनही दचकली. दारामागून मुलगा विचारतो, "काय झालं, काय झालं?"

ट्राली येईपर्यंत तोच गहू सुनेपुरता पुरवला. दारावरचा कागद निघाला, मुलगा बाहेर आला, आणि पोरगी दवाखान्यात नीट झाली, सावळी, जावळ भरगच्च, आवाज तुमचा. जीजीनं बातमी कळल्यावर गच्चीत जाऊन थाळी वाजवली. त्या दिवसांत गल्लीत दुसरा कुठलाच चांगला आवाज नव्हता. बारशाला जीजी भिंतीपलीकडेच उभी राहिली. मी पोरीला भैरवगढच्या छापाच्या चादरीत गुंडाळून उंच धरलं आणि तिनं लांबूनच बोटं मोडून दृष्ट काढली.

आता ऊन उतरतंय. पोरगी कोठीतून बाहेर आलीय आणि तिच्या फ्रॉकला कडुलिंबाचा वास लागलाय. नवा गहू उद्या येतोय. कोठी तुमच्याच पद्धतीनं धुतलीय, राखेनं, कडुलिंबाच्या पाण्यानं, कोपरा न् कोपरा. त्यात खोट काढायला जागा नाही. पण हे पान तुमच्या फोटोसमोर वाचायची माझी हिंमत नाही, ते मी पोरीच्या वहीतच परत ठेवीन, पुढे ती त्यावर चित्र काढेल. कारण त्या वर्षापासून दरवर्षी, कोठी उभी केली की तळाशी मी मूठभर जुना गहू घालते. आत्ता तोच घ्यायला खाली जाणार आहे. तुमच्या फोटोपुढून यावं लागतं, तेव्हा मूठ पदराआड धरते.