पॉलिसीतलं तुमचं नाव

अम्मा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मी तिसरी शिकलेली बाई, लिहायला वेळ लागतो. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. कॅम्प तीन वस्तीतला तुमचा गाळा मी भाड्याने घेतलेला, त्यात माझ्या सहा शिलाई मशिनी आणि जीन्सचे ढीग. कापायला तुम्हीच शिकवलंत, कात्री वाकडी चालली की पट्टीने बोटं शेकून. एक दिवस पायऱ्या चढून धापा टाकत आलात आणि म्हणालात, "देख, तू विमा काढलायस. इथे बाहेरच्या कुणाला लागलं तर लोक पहिले मालकिणीला पकडतील. तुझ्या पॉलिसीत माझं पण नाव चढव, कंपनी दोघींना सांभाळेल."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्यात रेशनकार्डावर नाव चढलं की माणूस उद्या खोलीत हिस्सा मागतो. माझ्या दिराने तेच केलेलं. म्हटलं, म्हातारीचा डोळा मशिनींवर आहे. आठवड्याने तुम्हाला सांगितलं, "चढवलं." साफ खोटं. जुनाच कागद पुढे केला, इंग्रजी दोघींनाही कुठे येत होतं! तुम्ही बघितलासुद्धा नाही. "कागद काय दाखवतेस? तू बोललीस ना, बस. तोंडाची कडू आहेस, पण लबाड नाहीस."

तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी एजंटाला गाठला. तो हसायला लागला. "मावशी, नाव चढलं म्हणून मशीन त्यांची होत नाही. तुमच्या धंद्यात कुणाला इजा झाली आणि त्याने त्यांच्यावर दावा केला, तर कंपनी त्यांच्याही बाजूने उभी राहते. इतकंच." त्याच दिवशी चढवलं.

महिना झाला नसेल, कपड्यांची मांडणी गठ्ठ्यांसकट कोसळली, ती माल बघायला आलेल्या व्यापाऱ्याच्या खांद्यावर. हाड मोडलं. नोटीस आली तुमच्या नावाने, गाळा तुमचा म्हणून. तुमच्याकडे त्या गाळ्याशिवाय होतं काय? तो विकावा लागला असता, आणि मी मशिनी घेऊन रस्त्यावर. पण कंपनीने दोघींना मिळून वकील दिला, त्या माणसाची भरपाईही तिनेच केली. गाळा वाचला. तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, "मी बोलले आणि हिने लगेच नाव चढवलं." मी खाली मान घालून काजं करत बसलेय, आणि तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारताय.

आता खरवईत माझा स्वतःचा गाळा आहे. भाडेकरीण नवी पोर आहे, तिला विम्यात माझं नाव घाल म्हटलं तर अशी बघते, जसं मी तिचे दागिने मागितले. मला राग नाही आला. म्हटलं, "बाई, आधी एजंटाला विचार, मग मला शिव्या घाल." विचारून आली, हसत आली. टिकेल ती.

हे पत्र तुमच्या मुलाला वाचायला द्यायचं ठरवलं होतं. परवा तो बाजारात भेटला, बायकोला म्हणाला, "ह्याच त्या, अम्माच्या एका शब्दावर विम्यात नाव चढवणाऱ्या." नाही देणार त्याला.