बंबात गेलेल्या चिठ्ठ्या

तळोधी, जि. चांदा
डिसेंबर १९५७

प्रिय भालचंद्र,

पेटी पोचली. चिठ्ठ्यांच्या प्रती उघडल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. अक्षर मोत्यासारखं आहे रे तुझं, पण केलंस काय हे? वर्षभर मी तळ्याच्या पाळीवर बसून लोकांच्या तोंडचं एकेक वाक्य चिठ्ठीवर टिपलं. एखादं काम चालू आहे, संपलं, की होता होता राहिलं, हे आमची माणसं बोलण्यात कसं दाखवतात, एवढाच माझ्या प्रबंधाचा विषय. तुला नुसत्या प्रती करायला सांगितल्या, तर तू एकजात सगळ्यांना पुण्याची मराठी शिकवलीस! रुखमाकाकू म्हणाली होती, "धान कांडून राह्यली न बापा, थांब थोडा." तुझ्या प्रतीत ती म्हणते, "मी भात कांडीत आहे, कृपया थांबावे." काकूनं जन्मात कुणाला 'कृपया' म्हटलेलं नाही. वर लिहितोस, मूळ चिठ्ठ्या फार मळल्या होत्या म्हणून बंबात घातल्या. उपकार झाले!

रागारागानं नवे कागद घेऊन पुन्हा तळ्यावर गेलो. डोमाभाऊ जाळं झटकत होते. मला बघून सावरून बसले आणि शाळा तपासायला साहेब आल्यासारखे म्हणाले, "आम्ही मासे पकडत आहोत." मी चिडलो, तर म्हणतात, "तुही माय संगं असती तं बोललो असतो. तुह्यासमोर लाज वाटते बापा." खरंच आहे त्यांचं. आई मासे निवडत बसायची, माणसं तिच्याशी बोलताना मला विसरून जायची, आणि मी लिहून घ्यायचो. तिची स्वतःची वाक्यं तर सगळ्यांत जास्त होती.

दिवाळीच्या तोंडावर आई गेली, भालचंद्र. तापाचं निमित्त झालं. पेटी आली की तिचं बोलणं परत येईल, मग तुला कळवू, असं वाटत होतं. प्रबंध गेला खड्ड्यात. तिची वाक्यं आठवून लिहायला बसतो, तर माझी कॉलेजातली भाषा मध्ये घुसते. तुझ्यासारखाच मीही तिला सुधारून टाकतो. ती नागपूरला येऊन गेल्यावर मेसमध्ये तू तिच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करायचास. सगळे हसायचे आणि मी ताटावरून उठून जायचो. ती नक्कल मला लिहून पाठव. जशी करायचास तशीच, एक अक्षरही न सुधारता.

तुझाच, रागावलेला,
गुणवंत