दोघांनाही होकार

इंगोलश्टाट,
१७ जानेवारी २०२६

चि. सौ. विभावरी हीस दादाचे अनेक आशीर्वाद.

आज सकाळी देवपूजा झाल्यावर चहासुद्धा न घेता तुझं पत्र पुन्हा काढून बसलो. बाहेर बर्फ, फुलं नाहीत, म्हणून देवांना नुसत्या अक्षता वाहिल्या. तुझी वहिनी म्हणाली, आज रामरक्षा फार लवकर संपली. खरं आहे, मन तुमच्या डंडीत होतं.

आपल्या घरातली मुलगी स्कॉटलंडच्या पार्लमेंटसाठी उभी राहणार! फिजिओथेरपिस्ट बाईत तुझ्या पक्षाला उमेदवार दिसला, हे त्यांचं शहाणपण. लोकांचे आखडलेले गुडघे सोडवताना त्यांची गाऱ्हाणी तुझ्याइतकी कोण ऐकतं? अडचण तू लिहिलीसच. तुझा पक्ष लंडनमध्ये सत्तेवर, आणि तुझ्याच घरात सुमितराव इतकी वर्षं स्कॉटलंड वेगळं व्हावं म्हणणाऱ्या पक्षाचे कार्यकर्ते. पण त्याची काळजी करू नकोस. उभी राहू का, असं तू विचारलंस. माझा तुला पूर्ण पाठिंबा आहे.

इथे जर्मनीत आमच्या शहरातही मार्चमध्ये नगरपालिकेची निवडणूक आहे. खांबाखांबावर हसरे चेहरे लागले आहेत. मला मत नाही, त्यामुळे सगळ्यांकडे सारख्याच प्रेमाने बघतो. कारखान्यात बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांची समिती निवडायची असते, तिथे तेवढा माझा कागद पेटीत पडतो.

उर्जाला गोड पापा. तिला म्हणावं, मामाला मराठीत चार ओळी लिही. आहे ती माया तशीच राहू दे.

तुझा,
दादा


इंगोलश्टाट,
१७ जानेवारी २०२६

श्री. सुमितराव यांस चंद्रशेखरचा स. न. वि. वि.

विभाने उमेदवारीचं कळवलं. तुमची ओढाताण मला समजते. आमचं गाव निपाणीजवळ, कर्नाटकात. घरात मराठी आणि कचेरीत कानडी. सरकार आहे पण आपलं वाटत नाही, म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. स्कॉटलंडचा कारभार स्कॉटलंडनेच करावा, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

विभाने यंदा थांबावं, पुढच्या निवडणुकीला बघावं, असं तुम्ही सुचवलंत, तेही विचार करण्याजोगं आहे. घाई करण्याची तिची सवय जुनीच आहे. तुम्ही ठरवाल ते योग्यच असेल.

थंडीत पाठ सांभाळा. आमच्यावर लोभ ठेवता, तो उणा होऊ देऊ नका.

आपला,
चंद्रशेखर


डंडी,
१ फेब्रुवारी २०२६

ती. दादास विभाचा शि. सा. न. वि. वि.

दादा, धन्य आहे तुझी! माहेरचं पत्र आलं की ते आमच्याकडे टेबलावर मोठ्याने वाचतात, हे तुला ठाऊक नाही का? बाबांच्या घरची रीत आहे ती, मीच इथे चालवली आहे. दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. तुझं मला आलेलं पत्र सुमितनी वाचलं आणि त्यांना आलेलं मी. उर्जा आधी हसून लोळली. मग आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघून मुकाट्याने ताट घेऊन उठली.

माझी घाई करण्याची सवय, काय? लहानपणी आंब्याच्या झाडावर कोण चढून बसायचं आणि उतरता येत नाही म्हणून कोण रडायचं, ते लिहू का वहिनीला?

पण थट्टा पुरे. तू समजतोस तितकं हे सोपं नाही. लंडनमध्ये माझ्या पक्षाने काहीही केलं, की इथे त्याचा जाब मला द्यावा लागेल. म्हाताऱ्यांचा हिवाळ्यातला इंधनभत्ता त्यांनी कापला, नंतर बहुतेकांना परत दिला. तरी गुडघे दाखवायला आलेली आजीबाई मला विचारते, तू त्यांच्यातलीच ना? मी तिला सांगते, हो, आणि म्हणूनच आत जाऊन भांडायचं आहे. हे मला मनापासून वाटतं, दादा. आणि सुमितना वाटतं की लंडनकडे तोंड करून भांडण्यात आयुष्य जाईल, आपलं घर आपण वेगळं थाटावं. तेही मनापासून.

हरण्याची भीती मला नाही. पण सकाळी ज्या दारावर मी जाईन, त्याच दारावर संध्याकाळी माझा नवरा माझ्याविरुद्ध मत मागेल. आमच्या जेवणाच्या टेबलावर हल्ली मिठापलीकडे कुणी काही मागत नाही. मार्चच्या मध्यापर्यंत मला पक्षाला हो किंवा नाही कळवायचं आहे. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच आहेस. जावयाचा मान बाजूला ठेव आणि एकदा सरळ सांग.

तुझीच,
विभा

ता. क. दादा, मी सुमित. बायकोने जागा सोडली आहे म्हणून लिहितो. जर्मनीत राहून तुम्ही आघाडीचं सरकार चालवायला चांगले शिकलात. पण या घरात तशी आघाडी होणार नाही. तुम्ही खरोखर कुणाच्या बाजूचे, ते मलाही ऐकायचं आहे.


इंगोलश्टाट,
२२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. विभावरी हीस दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं, आंब्याच्या झाडासकट. ती म्हणाली, अहो, तुम्ही दोघांनाही होकार दिलात म्हणजे कुणालाच दिला नाहीत. त्यानंतर बरेच दिवस पूजेला बसलो की तेच वाक्य मध्ये यायचं.

मला आपले काका आठवले. ते पंचायतीला उभे राहिले, ते बाबांना न पटणाऱ्या पक्षाकडून. तू तेव्हा फार लहान होतीस. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून बाबांनी उमेदीची वर्षं घातली होती. काका म्हणायचे, जाईल तेव्हा जाईल, तोवर नळाला पाणी तर आणू. बाबा विरोधात गेले नाहीत आणि बाजूनेही बोलले नाहीत. भावाला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिले. काका पडले. पडल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. पण आपल्या आईजवळ म्हणाले, वहिनी, दादाने तोंडावर नको म्हटलं असतं तरी मी हसत उभा राहिलो असतो. गप्प बसून त्याने मला परकं केलं.

म्हणून आज सकाळी देवाला नमस्कार करून आधी सुमितरावांना फोन लावला. बहिणीच्या नवऱ्याला त्याच्या मनाविरुद्ध काही सांगण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी म्हणालो, स्कॉटलंडबद्दल माझं मन तुमच्याकडे झुकतं, ते मी खोटं लिहिलं नव्हतं. पण विभाने थांबावं, हे मला पटत नाही, आणि तसं लिहिलं ते केवळ तुम्हाला बरं वाटावं म्हणून. ती उभी राहिली तर मी तिच्या बाजूचा.

ते म्हणाले, मी तिला मत देणार नाही. मी म्हटलं, नका देऊ. ते म्हणाले, आणि माझ्या पक्षाचं काम सोडणार नाही. मी म्हटलं, सोडलंत तर तीच तुमच्यावर रागावेल. यावर ते थोडं हसले असं मला वाटलं, पण खात्री नाही. फोन ठेवताना म्हणाले, काम शेजारच्या मतदारसंघात मागून बघतो, तिच्या दारांवर मी जाणार नाही. ते दुखावले आहेत, विभा. त्यांना वेळ लागेल. तो त्यांना दे, आणि टेबलावर आधी तू बोल.

तुमचं प्रेम माझ्या वाट्याला येत राहो, दोघांचंही.

आता तुझं उत्तर. उभी राहा. हे तुझ्या नवऱ्याला सांगून झालं आहे.

तुझा,
दादा