रेडिओवरच्या बाईचा नमस्कार

माय, माझ्या इयरफोनचा डावा कान मेला. या दुर्घटनेची देशानं म्हणावी तशी दखल घेतली नाही. घरातल्यांनीही नाही. बायको म्हणाली, "उजवा आहे नं?" मुलगी म्हणाली, "बाबा, नवीन घ्या, रडू नका." मी रडत नव्हतो. मी रडत नाही, तू गेलीस तेव्हाही रडलो नव्हतो, आणि लोक म्हणाले होते की पोरगा मोठा धीराचा. धीरबिर काही नव्हता, माय. आत काही हललंच नाही. माणसं पांगल्यावर मी चहाचे कप विसळले, एक बशी दिसेना म्हणून सगळं घर धुंडाळत बसलो, आणि ती बशी सापडल्यावर झोपलो. तर हा मेलेला कान. एकाच कानानं ऐकलं की गाणारा ऐकू येतो, वाजवणारे गायब होतात. अर्धवट ऐकू येण्यावर एक खवचट लेख लिहावा म्हणून बसलो, पेपरवाले माझ्याकडून तेवढीच अपेक्षा करतात, आणि लिहिता लिहिता सौंसरचा तुझा तो रविवार पुढ्यात येऊन बसला.

बाबा नगरपालिकेत नळ सोडायचे. आज या मोहल्ल्याला, उद्या त्या मोहल्ल्याला. त्यामुळे जगातली कोणतीही गोष्ट बारीबारीनंच सोडायची असते, अशी त्यांची श्रद्धा. आपला रेडिओही त्यांनी तसाच सोडला. सेल लवकर बसतात, म्हणून प्रत्येकाला दिवसातून एकच बारी. आजीला सकाळची भक्तिगीतं. कोणत्या देवाची, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, चाल बरी असली की झालं. मला रविवारी मुलांचा कार्यक्रम, ताईला फर्माइशी गाणी, तुला दुपारी बायकांचा कार्यक्रम. संध्याकाळची शेतीवाली बारी बाबांची. आपल्याकडं वावर नव्हतं, अंगणात एक लिंबाचं झाड होतं, पण कपाशीवरच्या अळीची माहिती बाबा अशी ऐकायचे जशी ती अळी उद्या नगरपालिकेत रुजू होणार आहे. कधी कधी त्यांना आठवायचं की आपण मध्यप्रदेशात राहतो. "भोपाळ लावत जा," म्हणायचे. आजी विचारायची, "भोपाळची बाई आपल्यासारखी बोलते का?" रेडिओचा काटा नागपूरवरच राहायचा.

तुझा कार्यक्रम संपताना तो सांगणारी नागपूरची बाई म्हणायची, "नमस्कार." तू जिथं असशील तिथं, हात पदराला पुसून, फळीवरच्या रेडिओकडं पाहून म्हणायचीस, "जय भीम, बाई." ताई आणि मी हसून लोळायचो. "माय, तिले आयकू येते का?"

"तिले नसन येत. मले त येते नं तिचं? कोनी नमस्कार केला तं थोबाड बंद ठेवाचं का?"

आणि मग तू पोस्टकार्ड टाकलंस. संत्र्याच्या सालीची चटणी, कृती. बाई म्हणाली होती, पुढच्या रविवारी श्रोत्यांच्या कृती नावानिशी वाचू. तुझं नाव तोवर कोणी मोठ्यानं घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तू कोणाची माय होतीस, कोणाची सून, बाबांची 'अवो'. तू कोणाला काही बोलली नाहीस, तरी त्या रविवारी शेजारची काकू स्वतःचा पाट घेऊन येऊन बसली.

तो दिवस ढगाळ होता. आजीची भक्तिगीतं खणखणीत झाली. माझा कार्यक्रम झाला, वर मी थोडी कॉमेंट्री ऐकली. ताईच्या गाण्यांपर्यंत गाणारी माणसं विहिरीतून गायला लागली. एरवी आपण सेल काढून छपराच्या कवेलूवर उन्हात तापवायचो, मग ते पुन्हा थोडा वेळ धरायचे. त्या दिवशी ऊनच नव्हतं. तू सेल फडक्यात गुंडाळलेस आणि उतरवलेल्या कोमट तव्यावर ठेवलेस. बाबा ओरडले, "अवो, सेल होय ते, भाकर नाही!"

"तुमी भाकरीवर चालता, तं सेल तव्यावर काहून नाही चालनार?"

चालले. बाईचा आवाज आला, कोणाचे तरी लाडू झाले, कोणाचं तरी लोणचं झालं. तू रेडिओच्या इतक्या जवळ उभी होतीस की तुझ्या श्वासानं जाळीवरची धूळ हलत होती. बाई म्हणाली, "आता सौंसरहून..." आणि आवाज खाली बसत बसत गेला. बाबांनी रेडिओला थापटलं. मी सेल उलटे करून घातले. काही नाही.

काकू म्हणाली, "तुमचंच असन वो."

"सौंसरात का मी एकटीच हाव?" तू म्हणालीस, आणि सगळ्यांच्या ताटात ती चटणी वाढलीस. "आलं असन नाही तं नसन आलं. चटनी तं इथंच हाय." रात्री भांडी घासताना मात्र म्हणालीस, "नाव जाऊ दे. बाईनं शेवटी नमस्कार केला असन, माह्याकडून राह्यला."

बाबांनी नवे सेल आणले आणि पुढच्या रविवारी दुपारपर्यंत रेडिओला कोणाला हात लावू दिला नाही. पण आवाज दुसऱ्याच बाईचा होता. तिनं नमस्कार केला, तू जय भीम केलास, आणि म्हणालीस, "हा हिचा झाला. तिचा राह्यलाच." ती पहिली बाई पुन्हा कधी आली नाही. तू त्यानंतर बरीच वर्षं वाट पाहिलीस, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा वाटायचं, माय फक्त रेडिओ ऐकून राहिली.

हे पत्र टाकणार नाही. पोस्टकार्डांवर तुझा विश्वास होता, माझा नाही. आणि खरं सांगू का, ती चटणी कडू व्हायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आज दुपारी ओट्यापाशी भांडी घासत होतो, उजव्या कानात नागपूर. कोणीतरी बाई नातवंडांच्या खोकल्याबद्दल बोलत होती, मी काही धड ऐकत नव्हतो. शेवटी ती म्हणाली, नमस्कार. माझे हात साबणाचे होते. पुसले.

"जय भीम, बाई," मी म्हणालो.

बायको आतून म्हणाली, "कोणासोबत बोलून राहिले?"