मुद्दाम जुनं केलेलं घर

आई,

तू हे घर पाहिलं असतंस तर उंबऱ्यातूनच परत फिरली असतीस. अमेरिकेत जाऊन हेच मिळवलंस का, असंही विचारलं असतंस. भिंतीवर खुंट्या ठोकलेली लाकडी फळी, तिच्यावर टांगलेल्या टोपल्या आणि एक गवती झाडू, टेबलापाशी खुर्च्यांच्या जागी रंग उडालेला बाक, टवके गेलेली एनॅमलची भांडी. आणि हे सगळं नाइलाज म्हणून नाही, मुद्दाम. याला इथे प्रिमिटिव्ह कंट्री म्हणतात. पूर्वी इथल्या शेतकऱ्यांची घरं जशी असायची तशी मांडणी करायची. हौशी लोक नवीकोरी वस्तू आणतात आणि पॉलिश पेपरने घासून घासून ती जुनी करतात. हे ऐकून तू कपाळावर हात मारून घेतला असतास.

तू गेलीस त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं लग्न मोडलेलं तुला पाहावं लागलं नाही. भांडणतंटा फारसा झाला नाही. दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला होता आणि तो लपवण्याचा त्याहून जास्त. हर्नडन गावातलं मोठं घर नवऱ्याकडे राहिलं, मी गावाच्या कडेला हे छोटं, जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं. जमीन इतकी उतरती की हातातून बटाटा पडला तर तो चालत चालत मागच्या दारापर्यंत जातो. पण खरा प्रश्न घराचा नव्हता, लेकीचा होता. ती आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आलेली. वकीलबाईंनी सांगितलं होतं की मुलगी मोठी आहे, कुणाकडे राहायचं हे तिलाच विचारतील. तिकडे तिची स्वतःची खोली, मैत्रिणी, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. इकडे मी आणि उतरती जमीन. पाहुण्यासारखी शुक्रवारी यायची, बॅग न उघडता सोफ्यावर बसायची आणि काहीही विचारलं की म्हणायची, इट्स फाइन. आई, या दोन शब्दांनी माझी झोप उडवली होती.

तेव्हा मी ठरवलं की घर असं करायचं की तिला राहावंसं वाटेल. हातात पैसे बेताचे. नवं फर्निचर शक्यच नव्हतं, आणि अर्धवट नवं फार केविलवाणं दिसतं. शेजारी राहणारी माझी घरमालकीण, सत्तरीची विधवा बाई, तिचं घर याच पद्धतीचं. तिनेच मला शिकवलं. लोक रस्त्याच्या कडेला फुकट म्हणून पाटी लावून सामान ठेवतात, त्यातलं काय उचलायचं आणि काय नाही. दुकानात दुधाचा रंग म्हणून फार महाग मिळतो, तो घरी कसा करायचा. दूध फाडायचं, चोथा पिळून घ्यायचा, चुन्यात कालवायचा, वर थोडी रंगाची भुकटी. पनीर करणाऱ्या बाईला हे काय शिकवायचं! बाकाला मी तो रंग दिला आणि दोन दिवस घराला आपल्या रंगपंचमीनंतरच्या न्हाणीघरासारखा वास येत होता. उशांना धान्याच्या पोत्याचे अभ्रे लागतात. तशी जुनी पोती बाजारात परवडेनात. मग मी इंडियन दुकानातून आणलेल्या बासमतीच्या कापडी पिशव्या उसवल्या, उकळून धुतल्या, उलट्या करून शिवल्या. नीट पाहिलं तर आतून हत्तीचं चित्र अजून पुसट दिसतं. घरमालकीण म्हणाली, अगदी अस्सल आहेत. मी हत्तीची बाजू भिंतीकडे वळवली.

हे करताना मला सारखं जळगावचं आपलं स्वयंपाकघर आठवायचं. तू एकेक करून सगळं जुनं बाहेर काढत होतीस. पितळी डबे देऊन स्टीलचे घेतलेस, जरीचं लुगडं बोहारणीला देऊन तिच्याशी तासभर हुज्जत घालून ते मोठं पातेलं मिळवलंस. आणि एके दिवशी तुझ्या माहेरून आलेली आजीची काठवट तू कोयत्याने फोडलीस आणि बंबात घातलीस. मी शाळेतून येते तर तू बंबासमोर पाटावर बसलेली आहेस, तोंड तापून लाल झालंय, आणि तू चक्क हसते आहेस. मी विचारलं, आई, का जाळतेस? तू म्हणालीस, "माझं सगळं लहानपण हिच्यात पीठ मळण्यात गेलं. आता तू नाही मळायचं." मला तेव्हा ते कळलं नाही, मला काठवटीचं वाईट वाटलं. पुढे एकदा मी कुणाचा तरी मोडका लाकडी स्टूल उचलून आणला तर तू तो दारातच अडवलास. दळिद्र घरात आणू नकोस, म्हणालीस. त्या दिवशी मी जेवले नाही. परवा इथल्या जुन्या बाजारात तसल्याच एका काठवटीसमोर मी उभी होते. आत वाळलेली फुलं ठेवून ती विकायला मांडली होती. मी घेतली नाही. घ्यावीशी वाटली, पण पीठ मळून मळून जाड झालेली तुझी बोटं आठवली.

मग तो शनिवार आला. दिवाळी आठवड्यावर होती, आणि लेक म्हणाली होती की या वेळी ती शुक्रवारऐवजी शनिवारी दुपारी येईल आणि तिला बोलायचंय. कुणाकडे राहायचं तेच असणार, हे मला कळलं. घरमालकिणीने आदल्याच दिवशी तिच्या माळ्यावरचं तांब्याचं मोठं पातेलं मला वापरायला दिलं होतं, घरातल्या शेकोटीशेजारी लाकडं ठेवायला. तिच्या सासरी अंगणातल्या चुलीवर त्यात सफरचंदं आटवायचे. बाहेरून काळंकुट्ट. आता सांग, दिवाळी तोंडावर, लेक येणार, आणि घरात काळं तांब्याचं भांडं. माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. चिंच भिजवली, मीठ घेतलं, आणि सकाळभर मागच्या पायरीवर बसून ते घासलं. तू दिवाळीला घासायचीस तसंच, खालून वर, गोल गोल. असं लखलखलं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. मी खूश होऊन हाक मारली. घरमालकीण आली आणि तिने वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाली की तो काळा रंग सासूबाईंच्या चुलीचा होता, पुन्हा कधी यायचा नाही. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. ती भली बाई, माझ्याच खांद्यावर थोपटून म्हणाली की तू चांगल्याच मनाने केलंस. पण जाताना तिने पातेल्याला हात लावला नाही.

लेक दारात उभी राहून सगळं बघत होती. ती हसली. किती महिन्यांनी हसली असेल. "आई, यार, तू त्याची पूर्ण हिस्टरी धुऊन टाकलीस," म्हणाली आणि माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. माझ्या हातांना चिंचेचा वास येत होता. मला वाटलं, आता ती म्हणेल की इथेच राहते. तिने ते म्हटलं नाही. ती म्हणाली की शाळेच्या दिवसांत ती बाबांकडेच राहील, वीकेंडला इथे येईल, आणि हे तिने आधीच ठरवलं होतं, घर आवडलं नाही म्हणून नाही. मी मान डोलावली. मग तिने ते विचारलं.

"तू हे सगळं माझ्यासाठी केलंस ना? म्हणून मला इथे टेन्शन येतं. बसले तरी वाटतं एक्झाम चालू आहे. यातलं तुझ्यासाठी काय आहे?"

मी मनातल्या मनात घरभर फिरून आले. खोली तिची, अभ्रे तिच्या आवडत्या निळ्या दोऱ्याने शिवलेले, खिडकीतली चांगली जागा तिच्या अभ्यासाची. मी स्वतः ओट्याशी उभी राहून जेवत होते. "मला काही नको गं," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "दॅट्स नॉट अ गुड आन्सर, आई." बोलणं तिचं बरोबर होतं. तुलाही कुणी विचारलं असतं तर तूही हेच म्हणाली असतीस. तुझ्या त्या झगमगत्या स्टीलच्या स्वयंपाकघरात तुझी बसायची जागा कुठे होती, हे मला आज आठवूनही आठवत नाही.

ती गेल्यावर मी खूप रडले, ते तुला वेगळं सांगायला नको. एक-दोन आठवडे घर खायला उठलं. मग एका सोमवारी ऑफिसमधून आल्यावर मी बाक ओढत खिडकीशी नेला, चहाचा कप घेतला आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. मोबाइल पर्समध्येच ठेवला होता. आता रोज बसते. घरमालकीण जाता-येता हात करते. पातेल्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही, पण परवा तिने स्वतः त्यात लाकडं आणून टाकली. लेक शुक्रवारी येते, आता बॅग उघडते, कपडे सगळीकडे पसरते, फ्रिजचं दार उघडं ठेवून उभी राहते आणि मला फार बरं वाटतं.

हे पत्र तुला जाणार नाही, म्हणूनच एक सांगते, जे मी लेकीला, बहिणीला, कुणालाच सांगितलेलं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी त्या खिडकीशी बसलेली असताना मला मनातून वाटतं, शुक्रवार अजून एक दिवस लांब असता तर बरं झालं असतं. आणि मग लगेच स्वतःची लाज वाटते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघी बहिणी दिवसभर घरात धिंगाणा घालायचो, तेव्हा शाळा कधी सुरू होते याची तूही मनातल्या मनात वाट बघत असशील, तर आई, मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.