टोरुनच्या शेजारी एक दिवस

३ जून, रात्री
टोरुन व्हॉसला बहिणीकडे जाऊन राहिली आहे, त्यालाही आता बरेच दिवस झाले. आज फोनवर म्हणाली, "हाल्वर, तू घरात असलास की मला प्लॅटफॉर्मवर राहिल्यासारखं वाटतं." चेष्टा करते. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी मुळात शांत माणूस आहे हे तिला माहीत आहे. बोलता बोलता गॅरेजमधलं कपाट लावत होतो, एवढंच.

४ जून
आयडिया! शनिवारी फ्लोमची ट्रिप. ट्रेनने खाली फियॉर्डच्या काठापर्यंत, बसने परत व्हॉसला. दिवसभर फक्त तिच्या शेजारी बसायचं आणि संध्याकाळी तिला घेऊनच घरी, बर्गनला यायचं. तयार झाली. अट एकच : उठायचं नाही. हसूच आलं. बसणं हे काय काम आहे!

६ जून
बसायचा सराव केला. मध्येच छपराची पन्हळ आठवली, ती साफ केली. बाकी सराव उत्तम.

८ जून, ट्रेनमध्ये
व्हॉसला टोरुन चढली. निळं जॅकेट. छान दिसते, हे सांगायचं राहिलं, कारण तिची बॅग वर ठेवत होतो. मग दुसऱ्या फळीवर ठेवली.
मिर्डालला उतरून फ्लोमची छोटी गाडी धरली. दरी डावीकडून चांगली दिसते, म्हणून डावीकडे गेलो. मग उजवीकडे. तिला म्हटलं, ये इकडे. "इथूनही दरी तीच दिसते," म्हणाली. हट्टी आहे. मी उठलो तो तिच्यासाठी जागा बघायला, तेव्हा ते धरायचं नाही.

त्याच दिवशी, धबधब्यापाशी
गाडी इथे थांबतेच. सगळे उतरले, म्हणजे नियमात बसतं. "तू नको ना जाऊ," टोरुन म्हणाली. दोन मिनिटं, म्हटलं.
एक जर्मन गृहस्थ कॅमेरा उलट्या बाजूने धरून उभे होते. त्यांना समजावलं. शिट्टी झाली तसे ते टुणकन चढले. मी म्हटलं, आता एक नीट फोटो आपणच काढावा.
गाडी हलली. खिडकीत टोरुन. वाटलं, ओरडेल. तिने थर्मासचं झाकण उघडलं.

संध्याकाळ, व्हॉस स्टेशन
पुढच्या गाडीने फ्लोमला पोचलो तर तिची बस गेलेली. फोन केला. "पुढच्या बसने ये, घाई करू नकोस." माझी काळजी वाटते तिला. बसमध्ये बोगदेच बोगदे.
इथे बाकावर भेटली. विचारलं, कंटाळलीस ना? म्हणाली, "नाही रे. फियॉर्डचं पाणी बघितलं. ब्रेड आणि तपकिरी चीज खाल्लं. कोणी मला 'ते बघ' म्हटलं नाही."
मग घरी चल, म्हटलं.
"हाल्वर, ऐक जरा," म्हणाली. पुढे बरंच बोलली असावी. बर्गनची गाडी कुठे लागते ते मी बघून येत होतो. परतलो तर डोळे लाल. वाऱ्याने असेल. गाडीत मी एकटाच चढलो.

१५ जून
टोरुन फोन उचलत नाही. तिच्या बहिणीला, गुनवोरला केला. म्हणाली, टोरुन सकाळीच फ्लोमला गेली. तीच ट्रेन, तीच बस.
म्हणजे ट्रिप आवडली होती तर! मी म्हणतच होतो. कोणाबरोबर गेली, विचारलं.
"एकटीच," गुनवोर म्हणाली. "तिला हीच ट्रिप पुन्हा नीट करायची होती."
बाहेर पाऊस. जेवण राहिलं. कुठे जावंसंही वाटेना.