हिचा फोन, माझा कॉम्प्युटर

४ जानेवारी, सकाळ
सोमवारपासून कामाला शिस्त. आजपासूनच म्हणणार होतो, पण शनिवारी सुरू केलेलं काही टिकत नाही.

महिनाअखेर डेडलाइन आहे. 'फोन कॉम्प्युटरला कसा जोडावा' हे जाडजूड मॅन्युअल मराठीत आणायचंय. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर, सगळ्यांची मॅन्युअलं मीच मराठीत आणली. लोक ती वाचत नाहीत आणि मग वस्तूला नावं ठेवतात.

व्यत्यय एकच. हिचा फोन. तो कपाटात आहे, सायलेंटवर. पण हिने तो माझ्या कॉम्प्युटरला जोडून ठेवला होता, त्यामुळे हिचे रिमाइंडर माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात टिंग करून उगवतात. सकाळी दहाला 'गिझर!'. जेवणानंतर 'ह्यांची बीपीची गोळी'. ही जाऊन चार महिने होतील. रिमाइंडर एक दिवस चुकलेला नाही. माणसाने काम कधी करायचं?

बंद करायला दोन मिनिटं पुरतात. सोमवारी करतो.

६ जानेवारी
सेटिंग उघडलं. 'या फोनच्या सूचना बंद करा' असं सरळ बटण आहे. दाबणार तेवढ्यात टिंग. 'गिझर!' जाऊन बघितलं, तर चालूच होता. निव्वळ योगायोग. परत येईपर्यंत कामाचा मूड गेला. उद्या.

७ जानेवारी
दाबलं बटण. उगाच बाऊ केला होता.

गोळी राहिली. त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. संध्याकाळी सूचना पुन्हा चालू केल्या, कारण बंद केलेली गोष्ट नीट चालू होते की नाही हे बघायला नको? काही दिवस चालू ठेवून बघतो.

१० जानेवारी
मुलीचा फोन. आईचा फोन अजून चार्ज करता का बाबा, म्हणाली. म्हटलं, बॅटरी रिकामी ठेवली की खराब होते, मीच लिहिलंय तसं तीन मॅन्युअलांत. ती म्हणाली, असू दे चालू, मीही कधीमधी आईला मेसेज टाकते.

मला माहीत आहे, असं बोललो नाही. तेही कोपऱ्यात येतात. मी वाचत नाही. फार लांब नसतात, त्यामुळे नजरेला पडतात इतकंच.

१३ जानेवारी
टिंग. 'आई, बाबा हल्ली काही बोलतच नाहीत गं.'

ही तर चहाडी झाली. संध्याकाळी मुद्दाम मुलीला फोन लावून तासभर बोललो. बॅटरी, चार्जर, वायरची जाडी, सगळं सांगितलं. ती हो हो म्हणत होती. आता तरी तक्रारीला जागा नाही.

१६ जानेवारी
आज एकच वाक्य झालं, पण काय वाक्य. 'जोडणी काढल्यास ती पुन्हा करण्यासाठी मूळ फोनवर मालकाच्या बोटाचा ठसा किंवा पिन आवश्यक आहे.' आधी 'मालकाचे बोट' लिहिलं होतं. ते वाचून उगाच बोट कापून आणल्यासारखं वाटत होतं. 'बोटाचा ठसा' हवं. ही असती तर वाचून दाखवलं असतं आणि ती बरं म्हणून उठली असती.

अशी वाक्यं लोक वाचत नाहीत आणि मग रडत बसतात.

२१ जानेवारी
आज हद्द झाली.

ऑफिसची मीटिंग. माझी स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. मी चष्मा शोधतोय, पसारा उलटापालटा करतोय, आणि टिंग. 'मंगळवार, ह्यांची मीटिंग. चष्मा आधी कपाळावर बघा म्हणावं.'

चष्मा कपाळावरच होता.

नवीन आलेला डिझायनर हसला. त्याला कुणीतरी काहीतरी लिहून कळवलं असावं, कारण तो एकदम गप्प झाला. मॅनेजर बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, सर, डेडलाइन पुढे ढकलू या का? का म्हणून? मला काय धाड भरलीये?

मीटिंग संपल्याबरोबर कॉम्प्युटरवरून हिचा फोन काढून टाकला. नुसत्या सूचना नाही, जोडणीच. 'नक्की काढायची आहे का?' विचारत होता. हो. एक घाव दोन तुकडे. उद्यापासून पानांचा पाऊस.

२२ जानेवारी
शांतता. पानं शून्य.

कॉम्प्युटरच्या पंख्याचा इतका आवाज येतो हे माहीत नव्हतं. गिझर संध्याकाळपर्यंत चालू राहिला.

२४ जानेवारी
मॅन्युअलमधली कृती बरोबर आहे का, हे प्रत्यक्ष करून बघणं अनुवादकाचं कर्तव्य आहे. म्हणून, केवळ म्हणून, हिचा फोन पुन्हा जोडायला घेतला. तो ठसा मागतो. नाहीतर पिन.

लग्नाची तारीख घातली. नाही. मुलीची जन्मतारीख. नाही. हिची. नाही. माझी घातली, जरा आशेनेच. नाही. मग 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' म्हणाला.

मुलीला विचारलं. तिलाही ठाऊक नाही. आई तर नुसतं बोट लावायची ना बाबा, म्हणाली. मग तिनेच विचारलं, का हो? तांत्रिक तपासणी, असं सांगितलं. ती म्हणाली, मी येऊ का? म्हटलं, छे, कशाला.

फोन ठेवला आणि खूप रडलो. ते वाक्य माझंच आहे. दोनदा तपासलेलं.

२८ जानेवारी
डेडलाइन पुढे गेली. मीच मागून घेतली.

हिचा फोन कपाटातून काढून कीबोर्डशेजारी ठेवलाय. चार्जरची वायर इथे नीट पोचते म्हणून. दहा वाजता त्याची स्क्रीन उजळली. आवाज नाही. 'एक सूचना आहे. पाहण्यासाठी बोट ठेवा.' बाकी काही दिसत नाही. तरी माझं ठेवून बघितलं.

दहा म्हणजे गिझरच असणार. उठून बघायला गेलो. बंद होता. आज आंघोळच केली नव्हती. चालू केला, दिवा लागला तो बघत जरा उभा राहिलो आणि मग बंद केला.